टी-एलजीएल ल्युकेमिया : ‘सध्या उपचार नकोत’ असं डॉक्टर का म्हणतात

प्रश्न थोडक्यात असा : वडील ६६ वर्षांचे, राहायला डोंबिवलीला. बारा वर्षांपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार). रक्तपेशींचे काउंट कमी येतात म्हणून गेल्या वर्षी त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद झाली, तरी काउंट वाढले नाहीत. मधल्या काळात दोनदा तोंड आलं, ताप मात्र आला नाही. शेवटच्या सीबीसीत हिमोग्लोबिन १०.९, पांढऱ्या पेशी ५,२००, त्यात न्यूट्रोफिल १८ टक्के आणि लिम्फोसाइट ७४ टक्के. सोनोग्राफीत प्लीहा थोडी वाढलेली. फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘टी-सेल लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ (टी-एलजीएल) असं लिहून आलं. रक्तविकारतज्ज्ञ म्हणाले, ‘सध्या उपचार नकोत, तीन महिन्यांनी सीबीसी घेऊन या.’ घरात सगळे हादरले आहेत. ल्युकेमिया असताना थांबायचं कसं? हा व्हायरसने होतो असं वाचलं, मग घरच्यांना लागेल का? टाटाला न्यावं का? आणि बाबांना हे सांगावं का?

उत्तर :

तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही, हे पहिल्यांदा सांगतो. या आजारात थांबणं हाही उपचाराचाच भाग आहे, आणि त्यामागे भक्कम कारणं आहेत. मात्र तुमच्या बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी अशा आहेत, की तीन महिने वाट न बघता त्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हव्यात. त्या पुढे येतीलच.

आधी रिपोर्टमधले आकडे बघू. पांढऱ्या पेशी ५,२००. रिपोर्टवर या आकड्यापुढे ना बाण असतो ना ठळक अक्षर, कारण ४,००० ते ११,००० च्या आत सगळं नॉर्मल धरतात. पण ५,२०० चे १८ टक्के काढा : ९३६. हा झाला न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, खरा आकडा, ज्याला आम्ही एएनसी म्हणतो. तो निदान १,५०० तरी असायला हवा. लिम्फोसाइट वाढलेले आणि न्यूट्रोफिल घटलेले, त्यामुळे बेरीज नॉर्मल दिसते आणि आजार त्या बेरजेत वर्षानुवर्षं दडून राहतो. मी तपासलेल्या अशा बहुतेक रुग्णांच्या जुन्या फायलींत हेच चित्र मागची दोन-तीन वर्षं दिसत असतं. बाबांचे जुने रिपोर्ट असतील तर प्रत्येकावर हा हिशेब करा आणि तारखेनुसार एका कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्या. आजार किती वेगाने चाललाय हे त्या एका कागदावरून जितकं कळतं, तितकं एखाद्या महागड्या तपासणीतूनही कळत नाही.

आता हा आजार काय आहे ते. आपल्या रक्तात ‘लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट’ नावाच्या पेशी प्रत्येकाच्याच असतात. विषाणूने पछाडलेल्या पेशी मारणं हे त्यांचं काम. लीशमन रंग दिलेल्या स्लाइडवर त्या ओळखायला छान असतात : शेजारच्या तांबड्या पेशीच्या दुपटीहून मोठा आकार, फिकट निळसर भरपूर सायटोप्लाझम आणि त्यात विखुरलेले लालसर-जांभळे बारीक दाणे. या दाण्यांत परफोरिन आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिनं असतात. सीबीसीचं मशीन हे दाणे वेगळे काढून दाखवत नाही, ते नुसतं ‘लिम्फोसाइट’ असं मोजतं. कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावून, तेलाचा थेंब टाकून बघितलं तरच ते दिसतात. तुमच्या लॅबमध्ये कुणीतरी ते बघितलं म्हणून पुढे फ्लोची तपासणी झाली.

विषाणूशी लढाई संपली की या पेशींनी मरून जायचं असतं. शरीरात तशी व्यवस्था आहे. टी-एलजीएलमध्ये अशा पेशींचा एकच वंश मरायचं नाकारतो. विसर्जनासाठी आणलेला बंदोबस्त अनंत चतुर्दशी उलटून महिने झाले तरी उठलाच नाही आणि रिकामा बसून वस्तीतल्याच लोकांना त्रास देऊ लागला, असं काहीसं होतं. २०१२ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी यामागचं एक मोठं कारण दाखवलं. त्यांनी तपासलेल्या ७७ रुग्णांपैकी ३१ जणांच्या या पेशींत एसटीएटी-३ नावाच्या जनुकात बिघाड होता. हे जनुक पेशीला ‘जगत राहा’ असा संदेश देतं, आणि बिघाड झाला की तो संदेश बंदच होत नाही. हा बिघाड आयुष्यात नंतर त्या पेशींपुरता झालेला असतो, जन्मजात नसतो. त्यामुळे तो तुमच्याकडे किंवा तुमच्या मुलांकडे येणार नाही.

‘ल्युकेमिया असून थांबायचं कसं’ याचं उत्तर इथेच आहे. ज्या ल्युकेमियात रुग्णाला त्याच दिवशी दाखल करून घेतात, त्यात पेशी झपाट्याने दुप्पट-चौपट होत जातात. इथे पेशी झपाट्याने वाढत नाहीत, त्या मरत नाहीत एवढंच. नेहमीची जोरदार केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशींवर चालते. इथे ती दिली तर ज्यांना मारायचं त्या पेशी बऱ्यापैकी शाबूत राहतात आणि आधीच कमी असलेले न्यूट्रोफिल मात्र साफ होतात. म्हणजे नुकसान नक्की आणि फायदा बेभरवशाचा. उलट नुसतं लक्ष ठेवल्याने आजार हाताबाहेर जातो असंही नाही. निदान होताना साधारण एक तृतीयांश रुग्णांना काहीच त्रास नसतो. पुढे कधी ना कधी बहुतेकांना औषध लागतं, पण बहुसंख्य रुग्ण या आजारासोबत दहा वर्षांहून जास्त जगतात. याचं उग्र रूपही असतं, पण ते फार क्वचित दिसतं.

मग औषध कधी सुरू करतात? लिम्फोसाइट किती वाढले यावरून नाही, हे घरातल्या सगळ्यांना नीट समजवा. लिम्फोसाइट ४,००० चे ६,००० झाले म्हणून कुणी औषध सुरू करत नाही. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले, किंवा १,५०० च्या खाली असून वारंवार संसर्ग होऊ लागले, किंवा रक्त चढवावं लागेल किंवा दम लागेल इतकं हिमोग्लोबिन उतरलं, किंवा सोबतचा सांध्यांसारखा आजार बळावला, तर सुरू करतात. चीन-जपानकडच्या रुग्णांत हिमोग्लोबिन उतरण्याचा त्रास जास्त दिसतो आणि पाश्चात्त्य देशांत न्यूट्रोफिल घटणं आणि रूमॅटॉइड यांची जोडी जास्त आढळते. तुमच्या बाबांचं चित्र या दुसऱ्या प्रकारचं आहे.

आता त्या दोन गोष्टी.

पहिली, तोंड येणं. दोनदा तोंड आलं हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. डॉक्टरांना सांगितलं होतं का? ९३६ न्यूट्रोफिल असलेल्या माणसाच्या तोंडात पुन्हा पुन्हा फोड येणं हे गरम पडलं किंवा पोट साफ नाही म्हणून सोडून देण्यासारखं नाही. न्यूट्रोफिल कमी असण्याची ती नेहमीची खूण आहे. हिरड्या सुजणं, केसतोड होणं, गुदद्वाराजवळ दुखणं हेही त्यातच मोडतं. अशा गोष्टी पुरुष माणसं घरात बोलत नाहीत, म्हणून तुम्ही थेट विचारा. ‘संसर्ग नाहीत’ असं समजून डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं असेल, तर या माहितीने त्यांचा निर्णय बदलू शकतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काउंट कमी आले म्हणून मेथोट्रेक्सेट बंद झाली. तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय बरोबरच होता. या गोळीने काउंट उतरतात आणि अशा वेळी ती थांबवून बघतातच. पण वर्ष उलटलं आणि काउंट होते तिथेच आहेत. गोळीमुळे उतरले असते तर काही आठवड्यांत वर आले असते. याचा अर्थ दोष गोळीचा नव्हता, या पेशींचा होता. आणि टी-एलजीएलवर जी औषधं पहिल्यांदा वापरतात त्यात मेथोट्रेक्सेटच आहे, आठवड्यातून एकदा, कमी मात्रेत. जिच्यावर संशय घेतला तीच गोळी कदाचित बाबांचे सांधे आणि काउंट दोन्ही सुधारेल. ती स्वतःहून सुरू करू नका. मात्र संधिवाताचे डॉक्टर आणि रक्ताचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं व्हायलाच हवं. दोघं वेगळ्या हॉस्पिटलांत असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा, जमलं तर फोनवर बोलायला सांगा. एक जण म्हणतो गोळी बंद, दुसरा म्हणतो तीन महिन्यांनी या, आणि मध्ये रुग्णाची बोटं वाकडी होत राहतात. असं मी खूपदा पाहिलंय आणि ते टाळता येतं.

रूमॅटॉइड, कमी न्यूट्रोफिल आणि वाढलेली प्लीहा या त्रिकुटाला फेल्टी सिंड्रोम असं जुनं नाव आहे. फेल्टीच्या रुग्णांतही एसटीएटी-३ चा हाच बिघाड सापडला आहे. दोन्ही आजार एकाच गोष्टीची दोन टोकं असावीत असं आता बरेच जण मानतात, मीही मानतो. त्यामुळे कुणी ‘हे ल्युकेमिया नाही, फेल्टी आहे’ म्हणालं तर गोंधळून जाऊ नका. उपचार बहुतांशी तेच आहेत.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालीच तर एक गोष्ट घरात पक्की करा. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर आठवड्याभरात तोंड सोलवटून निघतं, काउंट शून्याकडे जातात आणि माणूस दगावूही शकतो. हे पुस्तकातलं भय नाही, आपल्या शहरातल्या हॉस्पिटलांत असे रुग्ण येतात. एक वार ठरवा, समजा गुरुवार, आणि गोळीच्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘फक्त गुरुवार’ असं मराठीत लिहा. फॉलिक अॅसिडची गोळी बहुधा दुसऱ्या दिवशी देतात. ती पिवळी, मेथोट्रेक्सेटही अनेकदा पिवळीच, म्हणून दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा. लघवीच्या किंवा जुलाबाच्या त्रासासाठी कुणी सेप्ट्रानसारखी को-ट्रायमोक्साझोलची गोळी लिहून दिली तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ असं लगेच सांगा. या दोन औषधांची जोडी अस्थिमज्जेला घातक ठरते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आणि धीर धरा. सांध्यांसाठी ज्यांनी ही गोळी घेतली त्यांना ‘फरक पडायला वेळ लागतो’ हे माहीत असतं. इथे त्याहून जास्त लागतो. निदान चार महिने झाल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे ठरवत नाहीत. ढोबळमानाने निम्म्या रुग्णांना एका औषधाने फायदा होतो. नाही झाला तर सायक्लोफॉस्फामाइडची रोजची लहान गोळी किंवा सायक्लोस्पोरिन असे पर्याय आहेत. सायक्लोफॉस्फामाइड वर्षाच्या पुढे शक्यतो नेत नाहीत, कारण दीर्घकाळ घेतल्याने मूत्राशयाला आणि अस्थिमज्जेला धोका असतो. ही सगळी औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. मुंबईत क्षयरोगाची तपासणी टाळून चालत नाही. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी, आणि जिवंत विषाणू नसलेली नागिणीची लस, औषध सुरू होण्याआधी घेता आल्या तर उत्तम.

व्हायरसबद्दल. तुम्ही जे वाचलंत ते दुसऱ्या आजाराबद्दल आहे. ‘अडल्ट टी-सेल ल्युकेमिया’ नावाचा आजार १९७७ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन केला गेला. त्याचे बरेचसे रुग्ण क्युशू बेटाकडचे होते. तो एचटीएलव्ही-१ या विषाणूने होतो. हा विषाणू आईच्या दुधातून, रक्तातून आणि शरीरसंबंधांतून पसरतो. त्याचीही दोन संथ रूपं आहेत, म्हणून शोधताना ‘हळू वाढणारा टी-सेल ल्युकेमिया’ लिहिलं की तीच माहिती समोर येते. भारतात तो फार विरळा आहे. टी-एलजीएल कुणाच्या ताटात जेवल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने किंवा आणखी कशानेही दुसऱ्याला होत नाही. ‘टी-पीएलएल’ नावाचा तिसरा आजारही त्याच शोधात दिसेल. तो बहुधा वेगाने वाढतो आणि त्याचे आकडे वाचून घरच्यांची झोप उडते. ते आकडे तुमच्या बाबांचे नाहीत.

निदान पक्कं आहे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. साठीनंतर अशा पेशींचे छोटे वंश निरोगी माणसांतही सापडतात. सीएमव्हीसारख्या विषाणूनंतर, प्लीहा काढल्यानंतर त्या काही काळ वाढतात. म्हणून तीन गोष्टी विचारा : फ्लोमध्ये या पेशींवर सीडी-३, सीडी-८, सीडी-५७ या खुणांचा नमुना आहे का, त्या एकाच वंशाच्या असल्याचं टीसीआरच्या किंवा टीआरबीसी-१ च्या तपासणीने दाखवलंय का, आणि सहा महिन्यांच्या अंतरानेही त्या टिकून आहेत का. तीन महिन्यांनी बोलावण्यामागे हेही एक कारण असणार. बोन मॅरो प्रत्येकाला लागतेच असं नाही. हिमोग्लोबिन आणखी उतरलं किंवा चित्र जुळेनासं झालं तर करतात.

परळच्या टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. परळलाच केईएममध्येही रक्तविकारांचा विभाग आहे. जाताना मूळ स्लाइड, फ्लोचा ग्राफसकट पूर्ण रिपोर्ट आणि आकड्यांचा तो कागद न्या. नुसती शेवटची ओळ दाखवून काम होत नाही. फ्लो पुन्हा करायची ठरली तर ताजं रक्त लागतं, तेवढी तयारी ठेवून जा. पण तिथेही ‘थांबा’ असंच उत्तर आलं तर ते निराशेचं समजू नका. आणि दर तीन महिन्यांच्या सीबीसीसाठी डोंबिवलीहून परळला हेलपाटे घालायची गरज नाही. घराजवळच्या एकाच चांगल्या लॅबमध्ये, दर वेळी त्याच ठिकाणी करा.

ताप हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका आहे. न्यूट्रोफिल कमी असले की पू होत नाही, सूज आणि लाली फारशी दिसत नाही. संसर्ग आत पसरत असतो आणि बाहेर नुसता ताप दिसतो. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. दाराशी पोचल्यावर ‘न्यूट्रोफिल कमी आहेत, एलजीएल आहे’ हे शब्द पहिल्या वाक्यात बोला. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या तपासण्या होतात. त्या होऊ द्या, पण त्यांच्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नये असं विनंती करून सांगा. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. बाकी माणसांत मिसळणं, देवळात जाणं, गर्दीची वेळ टाळून लोकलने जाणं, काही बंद करू नका. खाणं शिजवलेलं आणि ताजं असावं, उघड्यावरचा उसाचा रस, बर्फ आणि चटण्या नकोत. दातांचं काही काम काढायचं असेल तर आधी सीबीसी.

प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून कुणी गुळवेलीचा काढा सुचवेल. देऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं यकृत तर आधीच जपावं लागतं. शिवाय इथे प्रतिकारशक्तीतल्याच पेशी अति झालेल्या आहेत.

बाबांना सांगायचं का? सांगा. घाबरतील म्हणून लपवणं मला समजतं, पण हा आजार असा आहे की त्यात रुग्णाची मदत रोज लागते. तोंड आलं, कणकण वाटली, बसताना दुखलं, हे सगळ्यात आधी त्यांनाच कळणार. कारण माहीत नसेल तर ते तुम्हाला त्रास नको म्हणून अंगावर काढतील. फाइलवर ल्युकेमिया हा शब्द आहे, कधीतरी तो त्यांच्या नजरेस पडेलच. त्याआधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी माझ्या रुग्णांना साधारण असं सांगतो : ‘तुमच्या रक्तात एका जातीच्या पेशी जास्त झाल्यात. नाव ल्युकेमियाचं आहे, पण हा हळू चालणारा आहे, बरेच जण याच्यासोबत खूप वर्षं जगतात. आपण काउंट बघत राहू, गरज पडली तर गोळी आहे. तुमचं काम एकच, ताप आला की मला लपवायचं नाही.’ एवढं ऐकल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न पथ्याचा विचारतात आणि दुसरा, गावी जाता येईल का असा. जाता येईल. फाइलची एक झेरॉक्स आणि थर्मामीटर सोबत असू द्या, आणि गावाजवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री उघडं असतं ते निघण्याआधी विचारून ठेवा.